लिनक्सवर विंडोजचे गेम, तेही कोकणातल्या नेटवर

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून त्यांच्यावर झापं घातली, की माझा भाचा दोन महिने मोकळा आणि त्याचा लॅपटॉप कामाला. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. मी म्हटलं, लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकूया. त्यावर त्याचा पहिला प्रश्न: "मामानू, विंडोज काढल्यात तर माजे गेम खंय जातले?"

खंय जात नाहीत. बहुतेक चालतात, काही अजिबात चालत नाहीत, आणि थोडे हट्टी असतात. पण आमच्या भागात खरी अडचण वेगळीच आहे. दिवसाला २ जीबीच्या पॅकवर ३० जीबीचा गेम उतरायला पंधरा दिवस लागतात, आणि त्यात मृगाचा पाऊस लागला की लाइट आणि रेंज दोन्ही हातात हात घालून जातात. म्हणून हा लेख दोन गोष्टी धरून लिहिला आहे. गेम चालेल की नाही हे डेटा जाळण्याआधी कसं कळेल, आणि गेम डाउनलोड न करता दुसऱ्याच्या विंडोजवरून कसा आणायचा. टर्मिनलमध्ये काही टाइप करावं लागणार नाही असाच मार्ग मुद्दाम निवडला आहे.

आत नेमकं काय चालतं

गेम विंडोजला सतत काही ना काही सांगत असतो: ही फाइल उघड, हा आवाज काढ, हे चित्र रंगव. लिनक्सला ती भाषा कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, त्याचं नाव वाइन. हे काम १९९३ पासून चालू आहे. वाइन म्हणजे नकली कॉम्प्युटर नव्हे. देवळात गाऱ्हाणं घालणारा कसा तुमचं म्हणणं देवापुढे रीतसर मांडतो, तसं वाइन गेमचं मागणं लिनक्सपुढे मांडतं आणि लिनक्स "होय म्हाराजा" म्हणतं. प्रोसेसर गेमच्या सूचना थेट चालवतो, म्हणूनच वेग फारसा मरत नाही.

चित्रांचं काम त्याहून अवघड. विंडोजचे गेम डायरेक्टएक्स वापरतात, लिनक्सकडे आहे व्हल्कन. डायरेक्टएक्स ९, १० आणि ११ चं भाषांतर डीएक्सव्हीके करतं, १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन. वाइन, ही दोन भाषांतरं आणि बाकीची डागडुजी एकत्र बांधून वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात जे घातलं ते प्रोटॉन. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं यंत्र याच्याच जोरावर चालतं, त्यामुळे प्रोटॉनची निगा नीट राखली जाते.

आधी चौकशी, मग गेम

मी एकदा चौकशी न करता ४० जीबीचा गेम आणवला. सगळं झाल्यावर कळलं की त्यातली ऑनलाइन पहारेदारी लिनक्सला आतच घेत नाही. चूक माझीच होती, पण भाच्याने दोन दिवस तोंड पाडलं ते वेगळंच.

दोन साइट बघायच्या. प्रोटॉनडीबीवर लोकांनी स्वतः चालवून पाहिलेले अनुभव असतात आणि गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड असा दर्जा मिळतो. नुसता दर्जा बघून थांबू नका. खाली उतरून गेल्या सहा महिन्यांतले अनुभव वाचा, आणि त्यांतही तुमच्यासारखं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांचे. तीन वर्षांपूर्वी रडलेल्याचं आज काही खरं धरू नये; प्रोटॉन दर काही महिन्यांनी सुधारतं. दुसरी साइट 'आर वुई अँटी-चीट येट'. ऑनलाइन मारामारीच्या गेमसाठी ती बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

कारण अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन लबाडी पकडणारा तो पहारेदार. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींना प्रोटॉनवर चालता येतं, पण गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते, आणि कित्येक जण देत नाहीत. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी बॅटलग्राउंड्स हे लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बंद केला. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची गोष्ट व्यवस्थित चालते, पण २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून त्याचं ऑनलाइन अंग लिनक्सला बंद आहे. यावर उपाय शोधत रात्री जागवू नका, आणि कोणी जुगाड सांगितलाच तर त्यात तुमचं खातं कायमचं बंद पडायची भीती आहे. यांपैकी एखाद्याशिवाय करमतच नसेल तर विंडोज शेजारी ठेवा.

याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्याच आहेत, तिथे प्रोटॉनची गरज नाही. एकट्याने खेळायच्या गेमचं तर फारसं काही अडत नाही. एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती आमच्याकडे ज्या सुरळीतपणे चालते, ते बघून शेजारच्या काकांनीही आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला.

यंत्र कितपत जुनं चालेल

व्हल्कन नसेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स असेल तर सहावी पिढी किंवा पुढची हवी. पिढी ओळखायला आय-५ नंतरचा आकडा बघा: ६२०० म्हणजे सहावी, १०२१० म्हणजे दहावी. चौथ्या-पाचव्या पिढीत व्हल्कनचा भरवसा नाही. तिथे जुने, हलके गेम ओपनजीएलवरून (व्हल्कनच्या आधीची चित्रांची पद्धत) चालवता येतात (त्याची युक्ती खाली ल्युट्रिसमध्ये आहे), पण नव्यांची आशा सोडा. एनव्हिडियाचं कार्ड ९०० मालिकेतलं किंवा नंतरचं असावं. ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांचा शेवटचा ड्रायव्हर आजच्या डीएक्सव्हीकेला पुरत नाही. एएमडीवाल्यांना सगळ्यात सुख, ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो.

रॅम ८ जीबी तरी हवी. अंगचं ग्राफिक्स असेल आणि एकच पट्टी लावलेली असेल तर तशीच दुसरी लावा. हे ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, दोन पट्ट्यांनी त्याची वाट रुंद होते आणि फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर करायचा पहिला खर्च हाच. त्या निमित्ताने पंखाही साफ करून घ्या. खाऱ्या हवेत आत काय काय साठतं ते उघडल्यावर बघा.

मिंट टाकताना

मिंट कसं टाकायचं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, मी फक्त गेमशी संबंधित तेवढंच सांगतो. सुमारे ३ जीबीची फाइल एखाद्या नेटवाल्या मित्राकडून उतरवून घ्या आणि रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला नीट वापरता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. कागदावर, त्याच लॅपटॉपमध्ये नव्हे.

गेमसाठी जागा ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीच्या पार्टिशनवर ठेवा. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरून गेम थेट चालवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. प्रोटॉन आपल्या फोल्डरात 'सी' आणि पुढे विसर्गासारखं चिन्ह (c:) अशा नावाचे दुवे तयार करतं, आणि विंडोजच्या नियमात ते चिन्ह फाइलच्या नावात बसत नाही. मग आज चाललेला गेम उद्या उघडत नाही.

मिंट टाकताना मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत टिक करा. नंतर अपडेट मॅनेजर पूर्ण चालवा, मग टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट (सिस्टिमची आहे तशी प्रत) घ्या, आणि मगच ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर टाका. ड्रायव्हर टाकताना मध्येच लाइट गेली आणि बॅटरी दगा देणारी असली तर काळा पडदा दिसतो. त्या वेळी तो स्नॅपशॉट उपयोगी पडतो. सिक्युअर बूट चालू असेल तर पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर तो मागितला जातो. तिथे घाबरून 'कंटिन्यू' दाबू नका. 'एनरोल' निवडून पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर चढतच नाही.

स्टीम

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोनदा दिसेल, एक सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक वाईट नाही, पण त्याला बाहेरची डिस्क दिसण्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि आपलं सगळं काम तर बाहेरच्या डिस्कवरूनच होणार आहे.

लॉगिन झाल्यावर सेटिंग्ज, मग कॉम्पॅटिबिलिटी. तिथे सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करायचं बटण असेल तर चालू करा. हल्लीच्या स्टीममध्ये ते आपसूक चालू असतं. त्यानंतर शे-दोनशे एमबीचा, फुकट आणि फक्त विंडोजसाठी असलेला एखादा गेम उतरवून बघा. त्याच्यासोबत प्रोटॉन आणि स्टीम लिनक्स रनटाइम हेही उतरतात आणि ते गेमपेक्षा मोठे असतात, त्यामुळे दचकू नका. हे एकदाच लागतं. हा छोटा गेम चालला म्हणजे ड्रायव्हर, व्हल्कन, प्रोटॉन सगळं जागेवर आहे, आणि पुढे मोठा गेम अडला तर दोष त्या गेमपुरता शोधायचा.

चाकरमान्यांची हार्ड डिस्क

आता मुख्य भाग. चतुर्थीला मुंबईकर येतात तेव्हा पेढे आणि फटाके आणतातच, पण आमच्या घरात आता हार्ड डिस्कचीही वाट बघतात. गेम तुमच्या खात्यात घेतलेला हवा, फाइली मात्र कोणाच्याही विंडोजवरून चालतात, कारण प्रोटॉन विंडोजच्याच फाइली वापरतं.

मुंबईच्या भावाला असं सांगा: स्टीममध्ये त्या गेमवर उजवी क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स. जे फोल्डर उघडेल ते अख्खं, नाव न बदलता, डिस्कवर टाक. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि हे त्याला कॉपी निम्मी झाल्यावरच कळतं. काढताना 'सेफली रिमूव्ह' करायला बजावून सांगा. घाईत उपटलेली एनटीएफएस डिस्क इथे येऊन उघडायला कुरकुर करते. तसं झालंच तर कोणाच्या तरी विंडोजला एकदा लावून नीट काढली की पुरे.

इकडे आपल्या स्टीममध्ये त्या छोट्या गेमवर तेच ब्राउझ लोकल फाइल्स करा आणि एक पायरी वर जा. 'कॉमन' नावाच्या फोल्डरात याल. आणलेला गेम तिथे कॉपी करा.

आता थांबा. इन्स्टॉल दाबण्याआधी लायब्ररीत त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कॉम्पॅटिबिलिटीत विशिष्ट टूल वापरायची सक्ती करा आणि प्रोटॉन निवडा. त्या गेमची लिनक्स आवृत्तीही असेल आणि ही सक्ती केली नसेल, तर स्टीम तुमच्या विंडोज फाइली बाजूला सारून लिनक्सच्या फाइली नव्याने उतरवायला घेईल. पंधरा दिवसांचा डेटा तिथेच गेला. सक्ती केल्यावर इन्स्टॉल दाबा, जागा तीच निवडा. स्टीम आधीच्या फाइली शोधून तपासत बसतं आणि फक्त उणीव असेल तेवढंच उतरवतं. मोठ्या गेमच्या तपासणीला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

भाऊ लॅपटॉपच घेऊन आला असेल तर त्याहून सोपं. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर किंवा एकाच हॉटस्पॉटवर आणा, दोन्हींच्या स्टीममध्ये डाउनलोड्सच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची सोय चालू करा आणि आपल्याकडे इन्स्टॉल दाबा. लॉगिन आणि यादी यांपुरतं नेट लागतं, गेमच्या जड फाइली घरातल्या घरात वाहतात. मध्ये राउटर असला तर वेग बरा मिळतो.

गॉग या दुकानातले गेम तर आपल्यासाठीच बनवल्यासारखे आहेत. त्यांचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो, एकदा आणला की नेट लागत नाही. एक ईएक्सई आणि सोबत बिन फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरात ठेवा.

पहिल्यांदा उघडताना

गेम सुरू करताना 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' असं येतं. होऊ द्या किंवा स्किप करा. शेडर (चित्र रंगवायच्या छोट्या सूचना) आधी उतरवून ठेवायची सोय डेटा खाते, म्हणून कमी पॅकवाल्यांनी डाउनलोड्समध्ये ती बंद केली तरी चालतं. मग सुरुवातीला गेम अधूनमधून अडखळतो, खेळत गेलं की सुधारतो. मात्र त्या सोयीतूनच काही गेमचे व्हिडिओ प्रोटॉनला चालतील अशा रूपात येतात. ती बंद केली आणि मधल्या चित्रफितींच्या जागी रंगीत पट्टे दिसले, तर कारण हे. तेव्हा जीई-प्रोटॉन वापरा.

जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची समाजाने बनवलेली आवृत्ती, त्यात व्हिडिओसाठी जास्तीचं सामान असतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून प्रोटॉनअप-क्यूटी घ्या, त्यातून जीई-प्रोटॉन टाका, स्टीम बंद करून उघडा. मग गेमच्या कॉम्पॅटिबिलिटीत ते नाव दिसतं. सगळ्याच गेमना ते लावत सुटू नका. साधं प्रोटॉन चालतंय तिथे तेच ठेवा.

आणि ज्या दिवशी रेंज आहे त्या दिवशी प्रत्येक गेम एकदा उघडून बंद करा. पहिल्या वेळी गेम आपलं सामान जमवतो, त्याला नेट लागतं. त्यानंतर स्टीम ऑफलाइन करून पावसात आठवडाभर खेळता येतं.

स्टीमबाहेरचे गेम

एपिक (हेही गेमचं दुकानच) आणि गॉगसाठी हीरोइक गेम्स लाँचर वापरा. लॉगिन करा, त्याच्या वाइन मॅनेजरमधून जीई-प्रोटॉन घ्या. कॉपी करून आणलेला एपिकचा गेम 'इम्पोर्ट'ने जोडता येतो.

नुसती ईएक्सई असेल तर मला स्टीमचाच रस्ता आवडतो. गेम्स मेनूतून 'नॉन-स्टीम गेम' जोडा, इन्स्टॉलरची ईएक्सई निवडा, प्रॉपर्टीजमध्ये प्रोटॉनची सक्ती करा आणि चालवा. इन्स्टॉल झाल्यावर नवी नोंद करू नका, इथेच लोक चुकतात. प्रत्येक नोंदीला स्टीम वेगळं नकली सी ड्राइव्ह देतं. नव्या नोंदीला जुन्या नोंदीत टाकलेलं सामान सापडत नाही. त्याच नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बदला आणि इन्स्टॉल झालेल्या गेमची ईएक्सई दाखवा.

सीडीच्या जमान्यातल्या गेमसाठी ल्युट्रिस हा प्रोग्रॅम. यात गंमत अशी की त्यातल्या कित्येकांचे इन्स्टॉलर १६-बिटचे होते, ६४-बिट विंडोज त्यांना हात लावत नाही, पण वाइन लावतं. जुन्या ग्राफिक्सवर गेम काळा राहिला तर ल्युट्रिसमध्ये गेमच्या रनर ऑप्शन्समध्ये जाऊन डीएक्सव्हीके बंद करा, मग काम ओपनजीएलवर जातं. हीच ती मघाशी म्हटलेली युक्ती. त्याहून जुने डॉसचे गेम असतील तर वाइनच्या वाटेला जाऊ नका, डॉसबॉक्स घ्या.

गेम रुसला तर

प्ले दाबल्यावर बटण निळं होतं आणि परत हिरवं होतं, बाकी काही नाही: दुसरं प्रोटॉन निवडून बघा, आधी 'एक्स्पेरिमेंटल', मग एक पायरी जुनं. पण डेनुव्हो (चोरटी कॉपी रोखणारं कुलूप) लावलेल्या महागड्या गेमवर हा खेळ जपून करा. प्रोटॉन बदललं की डेनुव्होला ते नवं यंत्र वाटतं, आणि एका दिवसात चार-पाच वेळा बदललं की गेम २४ तास कुलूपबंद होतो.

दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर गेम कासवासारखा चालत असेल तर तो बहुधा इंटेलवर चाललाय. एनव्हिडिया सेटिंग्जमधल्या प्राइम प्रोफाइल्समध्ये परफॉर्मन्स मोड निवडा आणि लॉगआउट करून परत या. बॅटरी लवकर जाईल, खेळून झालं की परत ऑन-डिमांडवर आणा.

आधी चालणारा गेम अचानक बिघडला तर त्याचं नकली सी ड्राइव्ह खराब झालेलं असू शकतं. 'कॉमन'च्या बाहेर 'कॉम्पॅटडेटा' नावाचं फोल्डर आहे, त्यात आकड्यांची फोल्डरं. गेमचा आकडा स्टीम स्टोअरवरच्या त्याच्या पत्त्यात असतो. ते फोल्डर हलवलं की पुढच्या वेळी प्रोटॉन नवं कोरं बनवतं. हलवा म्हटलं, उडवा नव्हे: सेव्ह फाइली बहुधा त्यातच असतात.

त्या सेव्ह कुठे ते सांगून ठेवतो. कॉम्पॅटडेटा, गेमचा आकडा, पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, युजर्स, स्टीमयुजर. त्यापुढची रचना विंडोजसारखीच, डॉक्युमेंट्स किंवा अ‍ॅपडेटा. मुंबईच्या भावाला पुढची लढाई तिकडे खेळायची असेल तर त्याच गेमचं सेव्हचं फोल्डर त्याच्या विंडोजवर त्याच जागी टाकता येतं. गौरी-गणपती गेले की परतीच्या गाडीआधी डिस्कवर तेवढं चढवायला विसरू नका. आमच्याकडे यंदा ते कणकवली स्टेशनात गाडीची वाट बघताना, मांडीवर लॅपटॉप ठेवून झालं.